माझ्यावर लागलेला चुकीचा नंबर

मी एक जुना लाकडी फलक आहे. पण मित्रांनो, माझ्यावर ना कुठल्या दुकानाचे नाव आहे, ना डॉक्टरांच्या भेटीची वेळ. माझ्यावर फक्त आकडे असतात आणि तेही दर आठवड्याला बदलतात. ल्यूथरन पंथाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या चर्चमध्ये, व्यासपीठाशेजारच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. रविवारच्या उपासनेत कोणती गीते गायची त्यांचे नंबर माझ्यावर लावतात. लोक मान वर करून मला पाहतात आणि मान खाली घालून पुस्तकातले पान उघडतात. एवढेच माझे काम.

मला बनवणारा सुतार याच मंडळीतला होता. चर्चचे बाक करून झाल्यावर जी फळी उरली तिचा मी झालो. म्हणजे समोर ओळीने बसलेले ते सगळे बाक माझे सख्खे भाऊ. सुताराने मला तीन आडव्या खाचा पाडल्या आणि त्यांत बसतील अशा लाकडाच्या छोट्या चकत्या करून त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढले. रंधा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, अक्षर मात्र यथातथाच. त्याचा एक आणि नऊ इतके सारखे दिसत की एका रविवारी अर्धी मंडळी एकवीस नंबरचे गीत गाऊ लागली आणि अर्धी एकोणतीस. दोन ओळी झाल्या तरी कोणी मागे हटेना! त्यानंतर प्रत्येक नऊच्या खाली लाल ठिपका आला.

ते माझे सुखाचे दिवस होते. उपदेश लांबला की मुले माझ्यावरच्या आकड्यांची बेरीज करीत, मग गुणाकार करीत. तेव्हाच्या वृद्ध पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, ते ठाऊक होते. ते म्हणत, "माझ्या उपदेशानं नाही तर नाही, फलकानं तरी पोरांचं गणित सुधारलं." माझी कोणी केलेली स्तुती मला आठवते ती ही एकच.

आता ज्या दोघांमुळे मी ही हकिकत सांगतो आहे, त्यांची ओळख करून देतो.

पहिल्या म्हणजे पायपेटी वाजवणाऱ्या बाई. त्या पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सारी मंडळी त्यांना बाईच म्हणे. पेटी माझ्या समोरच्या भिंतीशी आहे, त्यामुळे बाईंची पाठ मी तीस वर्षे पाहिली. सुरांचे जाड पुस्तक समोर ठेवायचे आणि त्यातले पाहून वाजवायचे, ही त्यांची पद्धत. पुस्तक समोर असले की त्यांची बोटे पाण्यासारखी वाहत. पाठ करून वाजवणे त्यांना कधी रुचले नाही. "पाठ केलेलं माणूस झोपेत म्हणतं," असे त्या म्हणत.

दुसरे घंटाकाका. घंटा वाजवणे, दारे उघडणे, झाडलोट करणे आणि शनिवारी माझ्यावर नंबर लावणे ही त्यांची कामे. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही नंबर चुकीचा लावला नव्हता. चकती बसवली की ते दोन पावले मागे जात, हातातली चिठ्ठी पाहत, मग मला पाहत आणि "बरोबर" असे स्वतःशीच म्हणत.

या दोघांचे एकमेकांशी बोलणे मात्र नव्हते. कारण ऐकलेत तर हसाल. एका रविवारी काकांनी हवेसाठी पेटीशेजारची खिडकी उघडली आणि ऐन गीतात वाऱ्याने बाईंच्या पुस्तकातली सुटी झालेली पाने चर्चभर उडवली. बाई म्हणाल्या, विचारून उघडायची. काका म्हणाले, पानं चिमट्यानं धरायची. तेवढ्यावरून अकरा वर्षे अबोला. काही निरोप असला तर तो गुरुजींमार्फत जाई. गुरुजी म्हणजे मंडळीतले निवृत्त मुख्याध्यापक, दोघांचेही स्नेही आणि दोघांनाही वैतागलेले.

मग वृद्ध पाळकसाहेब निवृत्त झाले आणि तीन वर्षे नवीन पाळक मिळालाच नाही. गुरुजी छापील पुस्तकातून उपदेश वाचून दाखवत. बाकांवरची गर्दी विरळ होत गेली. गीते आता बाईच ठरवत आणि गुरुजींकडून काकांना कळवत. हळूहळू माझ्या ध्यानात आले की नंबर फिरून फिरून तेच येत आहेत. मी मोजले. फक्त नऊ गीते! काही चकत्या तर वर्ष वर्ष डब्यातून बाहेर येत नसत. माझ्या वरच्या कडेवर धूळ साचली आणि एका कोळ्याने तिथे निवांत संसार थाटला.

लोक कुरकुरत. "पुन्हा एकशे अठ्ठावन्न? काय हे!" सर्वांत मोठ्याने कुरकुरत ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचे अध्यक्ष. गावात त्यांचे औषधांचे दुकान होते आणि बोलणेही औषधासारखेच कडू. ते म्हणत, "बाईंना आता कंटाळा आलाय. एक यंत्र आणू. बटण दाबलं की हवं ते गीत वाजेल."

पण मी भिंतीवरून जे पाहत होतो ते कोणी पाहत नव्हते. बाई पेटीपर्यंत येताना बाकांच्या कडांना हात लावत लावत येत. पुस्तक उघडत, पण पान कधी उलटत नसत. मला समजत होते की काहीतरी बिघडले आहे. मात्र सांगू कोणाला? आणि कसे?

अखेर एक दिवस पत्र आले. नवीन पाळक नेमले गेले होते! रविवारी बिशपसाहेब स्वतः येऊन त्यांना मंडळीच्या हाती सोपवणार होते. मग काय विचारता! जिने घासले, काचा पुसल्या, वेदीवरचे कापड धुऊन कडक इस्त्री केली. घंटाकाकांनी मला खाली उतरवून कोरड्या फडक्याने पुसले. कोळ्याला बिऱ्हाड हलवावे लागले. लहान मुलींनी दारापाशी फुलांच्या कुंड्या मांडल्या आणि कोणाची कुंडी पुढे यावरून भांडल्याही.

शनिवारी दुपारी नवे पाळक चर्च पाहायला आले. पस्तिशीचे, उंच, चेहऱ्यावर थोडी भीती. पहिल्याच मंडळीत चाललेल्या माणसाला असते तशी. त्यांनी एका बाकावर बसून पाहिले, उठून दुसऱ्यावर बसून पाहिले. जाताना त्यांनी गुरुजींना दोन चिठ्ठ्या दिल्या, एक काकांसाठी आणि एक बाईंसाठी. दोन्हींवर उद्याच्या तीन गीतांचे नंबर होते, बारीक अक्षरात.

काकांनी चिठ्ठीप्रमाणे माझ्यावर दोनशे त्रेचाळीस, सत्त्याऐंशी आणि तीनशे बारा हे नंबर लावले आणि "बरोबर" म्हणून ते घरी गेले. बाई त्यानंतर आल्या. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली, मग खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. माझ्यापुढे येऊन त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडेही पाहिले. मी पुरता त्यांच्या समोर होतो मित्रांनो, पण त्यांची नजर माझ्या कडेवरून निसटत होती. शेवटी त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती पिशवीत ठेवली आणि कितीतरी वेळ पेटीवर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

रविवार उजाडला. चर्च गच्च भरले. तीन वर्षे न फिरकलेली माणसेही आली होती. पहिल्या बाकावर बिशपसाहेब आणि त्यांच्या शेजारी अध्यक्ष. उपासना सुरू होण्याआधी अध्यक्ष त्यांना म्हणताना मी ऐकले, "पेटीचं तेवढं आज सांभाळून घ्या साहेब. पुढच्या महिन्यात यंत्र आणतोच आहोत."

पाळक वेदीपुढे उभे राहिले. म्हणाले, "पहिलं गीत दोनशे त्रेचाळीस." सगळ्यांनी पाने उघडली. बाईंनी पाय चालवले, पेटीने श्वास घेतला आणि सूर उमटले. एकशे अठ्ठावन्नचे!

माझे काळीज, म्हणजे लाकडाचे जे काही असेल ते, धस्स झाले. लोक पुस्तकात पाहू लागले, एकमेकांकडे पाहू लागले. कोणी गाईना. बाईंच्या हे ध्यानात आले असावे, कारण त्यांच्या मानेवर घाम चमकला. पण आता थांबणार कशा? त्या वाजवतच राहिल्या. अध्यक्षांनी बिशपसाहेबांकडे 'सांगितलं नव्हतं का?' अशा नजरेने पाहिले.

पाळकांनी पेटीकडे पाहिले. पेटीवरचे सुरांचे पुस्तक त्यांना बाईंच्या खांद्यावरून दिसत होते. त्याच्या उघड्या पानावरचे मोठे आकडे उलटे होते. बाईंनी पुस्तक उलटे ठेवले होते!  मग झग्याचा घोळ सावरत पाळक थेट माझ्याकडे चालत आले. त्यांनी माझ्या पहिल्या ओळीतल्या चकत्या काढल्या. पण चाल कोणत्या नंबरची हे त्यांना कुठे ठाऊक होते? ते पहिल्या बाकाच्या टोकाशी बसलेल्या दोन वेण्यांच्या एका मुलीकडे वाकले.

"हे कितवं गं?"

"एकशे अठ्ठावन्न," ती मोठ्याने म्हणाली. "आमच्याकडे सारखं तेच असतं!"

हशा पिकला. पाळकही हसले. त्यांनी डब्यातून एक, पाच आणि आठ शोधून माझ्यावर लावले. उरलेल्या दोन ओळींतल्या चकत्या काढून टाकल्या आणि मंडळीकडे वळून म्हणाले, "माफ करा. फलकावर नंबर चुकीचे लागलेत. आज बाई जे सुरू करतील ते आपण सगळे गाऊ."

आणि सगळे गायले, पाठ असल्यासारखे जोरात. बिशपसाहेब तर पुस्तक मिटूनच गात होते.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खोटा आळ आला आणि मला तो गोड वाटला. बाईंची लाज राखली गेली होती. पण एक गोष्ट माझ्या मनातच आली नव्हती. मी कितीही चुकीचा ठरलो तरी मला कोणी काही म्हणणार नव्हते. नंबर लावणारा हात मात्र माणसाचा होता. घंटेच्या दोराजवळ उभे असलेले काका तेव्हा पांढरेफटक पडले होते. सगळी मंडळी मागे वळून त्यांच्याकडेच पाहत होती.

उपासना संपली. लोक शेजारच्या खोलीत चहाला गेले. चर्च रिकामे झाले असे वाटत होते. तेवढ्यात काका तरातरा आत आले आणि त्यांच्यामागून पाळक.

"पाळकसाहेब, ही तुमची चिठ्ठी," काका म्हणाले.  "वाचा. दोनशे त्रेचाळीसच लिहिलंय ना?"

"हो काका. तेच लिहिलंय."

"आणि मी काय लावलं होतं?"

"तेच."

"मग चुकलं कोणाचं? तिकडे औषधवाले मला म्हणतायत, काका, आता चष्मा घ्या. बिशपसाहेबांसमोर! सत्तावीस वर्षं झाली मला."

पाळकांचा चेहरा लाल झाला. "तुमची काहीच चूक नाही. पण आत्ता यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

"म्हणजे माझं नाव घालवायचं आणि कारणही विचारायचं नाही?"

 एकाला सावरायला जाऊन आपण दुसऱ्याला ढकलले आहे, हे पाळकांना त्या घडीला उमगले असावे. पहिल्याच दिवशी!

तेव्हा पेटीकडून आवाज आला, "मला दिसत नाही."

बाई तिथेच बसून होत्या. गर्दीत कोणाला तरी धडकू या भीतीने त्या बाहेर गेल्याच नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "दोन वर्षं झाली. समोर बघितलं की मधोमध काळं दिसतं. कडेचं दिसतं, पण वाचता येत नाही. चिठ्ठीही वाचता आली नाही आणि फलकही. नंबर कानावर पडला तेव्हा उशीर झाला होता, ते गीत बोटांत नव्हतं." मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या थेट काकांशी बोलल्या. "तुम्ही बरोबर लावला होतात, काका. चूक माझी."

काका जवळच्या बाकावर मटकन बसले. म्हणाले, "कोणाला सांगायचं तरी."

"सांगून? मग पेटी माझ्या हातात कोण ठेवणार होतं? नऊ गीतं बोटांत बसलेली आहेत, त्यांच्यावर निभावत होते."

"राहू द्या," काका पुटपुटले. "चार दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील. मी नाही विसरणार," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे."

"तुमच्या आधी मी," पाळक म्हणाले.

आणि तसेच झाले. पुढच्या रविवारी, जिथे सारी मंडळी मिळून आपल्या चुका देवापुढे कबूल करते, तिथे पाळक थांबले. म्हणाले, "आज सुरुवात मी करतो. मागच्या रविवारी इथे उभा राहून मी खोटं बोललो. नंबर चुकीचा नव्हता. काकांनी तो अगदी बरोबर लावला होता. हेतू चांगला होता, पण त्याचा भार मी एका प्रामाणिक माणसावर टाकला. काका, मला क्षमा करा."  मागून काकांचा घोगरा आवाज आला, "केली."

मग बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सारे सांगितले. एकही शब्द न वाढवता, न रडता. शेवटी म्हणाल्या, "आता पेटीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पहिल्या बाकावरून अध्यक्ष उठले. आता यंत्राचे बोलणार, असे मला वाटले. पण ते बाईंकडे वळले. "बाई," ते अडखळत म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"दोन वर्षांत नाही? आणि मी इथे औषधं विकत बसलोय!" त्यांनी डोके खाजवले. "उद्या दहा वाजता दुकान बंद ठेवतो. तयार राहा. मी नेतो."

तेवढ्यात मागून काका म्हणाले, "चाली मला येतात."

सगळे वळले. काका ओशाळले, पण थांबले नाहीत. "पुस्तकातलं सुरांचं काही कळत नाही मला. पण घंटा वाजवून झाली की इतकी वर्षं मागे उभा राहून ऐकण्यापलीकडे दुसरं काय केलंय मी? सगळ्या चाली कानात आहेत. मी म्हणतो, बाईंनी पेटीवर शोधाव्यात."

गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. काकांचा आवाज म्हणजे न उघडणाऱ्या फाटकाची कुरकुर! पण सूर मात्र जागच्या जागी. ते एक ओळ म्हणत, बाई ती पट्ट्यांवर शोधत आणि चुकली की काका न बोलता नुसते "अं हं" करीत. आत उकडत होते. काकांनी दबकत विचारले, "खिडकी उघडू का?"

"उघडा," बाई म्हणाल्या. "आता उडायला पानंच नाहीत."

दोघे इतके हसले की बाहेरून जाणारे गुरुजी काय झाले ते पाहायला आत आले, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत आहेत हे पाहून आल्या पावली परत गेले. आता मधल्या निरोप्याचे तिथे काही काम नव्हते.

डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली जपता येईल. वेळेवर आल्या असत्या तर आणखी बरीच वाचली असती, असेही ते म्हणाले. अध्यक्षांनी हे मंडळीला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज औषधासारखा नव्हता. बाईंच्या औषधाच्या बाटल्यांना आता ते स्वतः दोरे बांधून देतात, सकाळच्या बाटलीला एक गाठ आणि रात्रीच्या बाटलीला दोन. बाई गाठी चाचपून औषध घालतात. यंत्राचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

वर्ष होत आले आहे. काल मी मोजले. बाईंच्या बोटांत आता एकसष्ट गीते आहेत. शनिवारी नंबर लावून झाले की काका ते मोठ्याने म्हणतात, बाई पेटीपाशी बसून एकेक ओळ वाजवून पाहतात आणि पाळक शेवटच्या बाकावर बसून उपदेशाचे टिपण लिहीत असतात. अवघड गीत चांगले जमले की ते लिहिणे थांबवून ऐकतात. पहिल्या दिवशीची भीती त्यांच्या चेहऱ्यावर आता शोधूनही सापडत नाही. रविवारी बाकांवरही दाटी असते. या महिन्यात दोन बाळांचे बाप्तिस्मे झाले. त्यांतल्या एकाने पेटी सुरू होताच असा टाहो फोडला की बाईंना चाल एक पट्टी वर न्यावी लागली.

मित्रांनो, लाकूड जुने झाले की त्याला काय हवे असते? कोरडे फडके, कधीतरी तेलाचा हात आणि ओल नसलेली भिंत. तेवढे कोणी केले तर माझ्यासारखा फलक शंभर वर्षे टिकतो. माणसांचे तसे नसते. त्यांना काय हवे आहे ते ती स्वतःहून सांगत नाहीत. उलट हातातले पुस्तक उघडे ठेवून आपल्याला सगळे दिसते आहे असे भासवतात. मी ते दोन वर्षे भिंतीवरून पाहत होतो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी कागद फार लांब धरत असेल, भिंतीला हात लावत चालत असेल, तर हसू नका आणि घाईने पुढेही जाऊ नका. जवळ जाऊन हळूच विचारा, "मी वाचून दाखवू का?" कदाचित "नको" असे उत्तर येईल. तरी थोडा वेळ तिथेच बसा.